धूर पाहणारे गोगटे

रेवा, निखिल, तुमच्यापैकी एकजण अर्थशास्त्र शिकून सरकारी धोरणांवर संशोधन करणार असं फोनवर कळलं, म्हणून हे लिहिते. असा एक माणूस आमच्या वसाहतीत राहून गेला. त्याची आम्हाला फार भीती वाटायची.

गोगटे नमस्काराआधी तुमच्या अंगणातला धूर पाहायचे. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि कामगारांची कुटुंबं कशी राहतात याचा अभ्यास करायला त्यांना पाठवलं होतं. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, ही त्यांची व्याख्या. "तब्येत बरी आहे" म्हटलं, तर विचारायचे, "बरी म्हणजे नेमकं?" कुणाकडे पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. खांद्याला स्वतःचा थर्मास.

सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये माझे दीर, जाऊ आणि त्यांची मुलं राहत होती. दिरांना कारखान्यात नोकरी लागायची होती. तोवर जायला दुसरं घर नव्हतं. पण क्वार्टरमध्ये दुसरं बिऱ्हाड ठेवायला मनाई होती. गोगट्यांची माहिती थेट क्वार्टर देणाऱ्या ऑफिसात जाते, अशी बोलवा होती. ते गल्लीत शिरले की जाऊ मुलांच्या तोंडावर हात ठेवायची.

शेवटी सासूबाईंनी अंगणात दुसरी शेगडी पेटवली. "त्यायची चूल येगळी केली मी. आता आपल्यात कसा मोजते तो, पाहू!"

गोगटे दारात थांबले. "दोन शेगड्या. म्हणजे इथे दोन कुटुंबं."

सासूबाई पुढे झाल्या. "पाव्हणे हायेत साहेब. उद्या जाऊन राह्यले."

"उद्या म्हणजे नेमकं?"

"उद्या म्हंजे उद्या! अन् नाही गेले तर परवा!"

जाऊ रडायला लागली. गोगट्यांनी तिच्याकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं.

"काकू, जेवायला वाढता का?"

"कावून?"

"ज्या घरचं अन्न खाल्लं, त्या घराची माहिती धरायची नाही. नियम मीच केलाय."

ते पाटावर बसले. जाऊ घाबरून भात वाढतच राहिली आणि ते नको म्हणेनात. हात धुऊन दारापर्यंत गेले, तिथेच घुटमळले.

"काकू, उद्याही आलो तर चालेल? घर तर आता बाद झालंच आहे."

आवाजात आमच्याइतकीच भीती होती.

"या की," सासूबाई म्हणाल्या. "पन त्या पेनाले घरी ठेवून या."

बदली होईपर्यंत ते आमच्याकडे जेवले. पुढे कुठे गेले, कळलं नाही. दीर कारखान्यात लागले. त्यांची मुलं-नातवंडं आजही भिलाईतच आहेत.