‘कालकुपी नऊ’ची पडताळलेली आवृत्ती

सिनेमा हा पाहण्यासाठी असतो आणि पुस्तक हे घरात असण्यासाठी असतं, हा भेद एकदा नीट ध्यानात घेतला की बहुतेक वाङ्मयीन वाद उद्भवतच नाहीत. आमच्या शिवाजी पेठेत तो उद्भवला, कारण एका बाईंनी पुस्तक खरोखरच लिहायला घेतलं.

प्रथम संस्थेची ओळख. ‘कालकुपी नऊ प्रेमी तरुण मंडळ’ (तरुणांचं सरासरी वय त्रेचाळीस) ही ‘कालकुपी नऊ’ या वैज्ञानिक रहस्यपटाच्या चाहत्यांची एकमेव अधिकृत संघटना असून मी तिचा सचिव आहे. ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही (असे लोक असतात असं ऐकून आहे) त्यांच्यासाठी सारांश देतो. नऊ माणसं यानातून शनीकडे निघतात. वाटेत डॉक्टरांचा खून होतो. यानाचं दार आतून बंद, बाहेरूनही बंद. शेवटी कळतं की खुनी त्या नऊ जणांतलाच आहे, पण तो पुढच्या आठवड्यातून आलेला आहे. नेमका कोण, हे दिग्दर्शकाने सांगितलेलं नाही. त्यामुळे आमचं मंडळ गेली तीन वर्षं दर रविवारी भरतं. दिग्दर्शकाने सांगून टाकलं असतं तर एका रविवारात मंडळ बंद पडलं असतं, आणि चाळीस कर्ते पुरुष घरी बसले असते. घरच्या मंडळींनीही याबद्दल दिग्दर्शकाचे वेळोवेळी आभार मानलेले आहेत.

एवढ्या गाजलेल्या सिनेमाची कादंबरी निघाली पाहिजे, असं पुण्याच्या एका प्रकाशकाला वाटलं. काम मधुवंती सबनीस यांच्याकडे आलं. बाई कागलच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, म्हणजे शनी कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काम घेतलं ते मात्र शनीसाठी नव्हे. त्यांची स्वतःची एक कादंबरी अकरा वर्षं कपाटात पडून होती. कागलच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून जन्मभर लोकांचे कॉल जोडून देणाऱ्या एका बाईची ती गोष्ट. सात प्रकाशकांनी ती परत पाठवली होती, त्यांपैकी पाचांनी पाकीट न फोडता. पुण्याचे प्रकाशक म्हणाले, “‘कालकुपी’ चाहत्यांनी मान्य केली की तुमची ती टेलिफोनची काढू.” बाईंना दुसरं काही नको होतं. कुणीतरी ती वाचावी, एवढंच.

मान्यता देणं आमच्या हातात होतं आणि आम्ही ती जबाबदारी गांभीर्याने घेतली. आमच्या पेठेत कुठलाही प्रश्न सोडवण्याची एकच पद्धत आहे, ती म्हणजे फुटबॉल. इथल्या माणसाला अक्षर ओळखण्याआधी शिट्टी ओळखता येते. त्यामुळे पुस्तकाची पडताळणीही त्याच नियमांनी ठरली. पंचेचाळीस मिनिटांचे दोन हाफ. पंच म्हणून मंडळाचे अध्यक्ष अमरसिंह इंगवले, एका हातात शिट्टी आणि दुसऱ्या हातात टीव्हीचा रिमोट. बाईंनी एक वाक्य वाचायचं, मग सिनेमा तेवढाच पुढे सरकवायचा, आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचं. जिथे कॅमेरा गेलेला नाही तिथे लेखणी गेली तर ऑफसाईड. पात्राला सिनेमात नसलेला शर्ट घातला तर पिवळं कार्ड. उपमा दिली तर फाउल (दोन उपमा एकाच वाक्यात आल्या तर पेनल्टी, आणि ती मंडळातल्या यशराजने मारायची, म्हणजे त्याला हवं ते वाक्य त्याने खोडायचं). खेळात इजा झाल्यास लेखिकेला पाणी द्यावं, असंही नियमात होतं. आम्ही माणुसकी सोडलेली नव्हती.

पहिल्याच दिवशी नवव्या मिनिटाला बाईंनी वाचलं, “खिडकीबाहेरचा अंधार पाहून डॉक्टरांना आईची आठवण झाली.”

शिट्टी वाजली.

“ऑफसाईड, मॅडम,” अमरसिंह म्हणाले.

“अहो, ते वीस सेकंद नुसते बाहेर बघतायत. काहीतरी मनात येत असेल ना त्यांच्या?”

“येत आसंल की! पर कॅमेरा गेलता का त्यांच्या मनात? न्हाय. मग तुमी कसं गेलासा?”

“कादंबरीत तेच तर करायचं असतं.”

“आईचा फोटू सुदिक न्हाय पिच्चरमदी!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि त्याला टाळ्या पडल्या. वाक्य गेलं. आई गेल्या.

अशा रीतीने एकतीस दिवसांत एक हजार नऊशे चौदा वाक्यं ऑफसाईड ठरली. भीती, संशय, जुनं प्रेम, थकवा आणि शनीबद्दलची दोन पानं, सगळं बाहेर गेलं. उरली सहाशे चाळीस वाक्यं. डॉक्टर उठले. डॉक्टर बसले. दार उघडलं. दार मिटलं. या मजकुरात काढण्यासारखं काही नाही, असं सर्वांचं मत झालं होतं. तेवढ्यात यशराज उभा राहिला. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान असल्यामुळे तो मंडळाचा तांत्रिक सल्लागार आहे.

“एक शंका हाय,” तो म्हणाला. “हे समदं पिच्चरमदी हायच की. मग परत वाचायचं कशापायी?”

तीन वर्षांत इतका बिनतोड मुद्दा मंडळात कुणी मांडला नव्हता. सिनेमात जे नाही ते पुस्तकात चालणार नाही, हे ठरलेलंच होतं. सिनेमात जे आहे ते पुस्तकात पुन्हा देणं म्हणजे वेळकाढूपणा, हेही आता ठरलं. सहाशे चाळीस वाक्यं एका शिट्टीत निकालात निघाली. शेवटी राहिलं ते पुस्तकाचं नाव, लेखिकेचं नाव आणि ‘सर्व हक्क सुरक्षित’. या संहितेवर मात्र पहिल्या वाचनातच एकमत झालं. ‘मूळ सिनेमाशी शंभर टक्के प्रामाणिक’ असं प्रमाणपत्र मंडळाने दिलं आणि त्यावर मी सही केली.

त्या दिवशी बाई बाद वाक्यांची पिशवी छातीशी धरून कोपऱ्यावर रिक्षाची वाट पाहत उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं. (सचिवाने असं वाटून घेऊ नये. पण वाटलं.)

पुढचं मला नंतर कळलं, तरी क्रमाने सांगतो. बाईंनी प्रकाशकांना फोन करून सांगितलं की मान्यता मिळाली आहे, फक्त आत मजकूर नाही. प्रकाशक अनुभवी होते. ते म्हणाले, मजकुराचं नंतर पाहू, पण मुखपृष्ठं छापून झाली आहेत आणि पुस्तकाचा कणा अठरा मिलिमीटर धरला आहे, तेवढा भरला पाहिजे. अठरा मिलिमीटर होईल असं काहीतरी परवापर्यंत थेट छापखान्यात द्या. आणि माझी टेलिफोनची कादंबरी? असं बाईंनी विचारलं. तिचं पुढच्या वर्षी बघू, असं ते म्हणाले. ‘बघू’ हा शब्द बाईंनी सात प्रकाशकांकडून ऐकलेला होता.

बाईंनी फोन ठेवला आणि कपाट उघडलं. भौतिकशास्त्राच्या माणसाला शोभेल असा हिशेब त्यांनी मांडला. अकरा वर्षांपूर्वीची ती कादंबरी छापली तर साडेसतरा मिलिमीटर भरत होती. राहिलेला अर्धा मिलिमीटर त्यांनी लेखिकेच्या परिचयात भरून काढला.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर यान, शनी आणि रक्ताचा थेंब. आत कागलचं टेलिफोन एक्स्चेंज. हलगी लावून मिरवणूक काढली. अंतराळवीराचा वेश केलेल्या कार्यकर्त्याला फेटा हेल्मेटच्या आत बांधावा की बाहेर, यावर थोडा वाद झाला आणि दोन्हीकडे बांधून तो मिटवला. इचलकरंजी शाखेने तीनशे प्रती नेल्या. पलीकडच्या पेठेतल्या चाहत्यांनी पुस्तकाचा जाहीर निषेध केला, आणि त्यासाठी लागणाऱ्या प्रती खेळीमेळीच्या भावनेने आम्हीच पुरवल्या.

स्वागत अभूतपूर्व झालं. पहिल्या आठवड्यात मंडळाकडे दोनशे बारा अभिप्राय आले. पैकी दीडशे जणांना सिनेमा जशाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहिल्यासारखं वाटलं. एकेचाळीस जणांच्या मते पुस्तक चांगलं असलं तरी सिनेमाची सर नाही. वीस जणांनी पान एकशे बारावर हेल्मेटचा रंग चुकल्याचं कळवलं (त्या पानावर एक विणकर आपल्याला मुलगी झाल्याची बातमी फोनवर ऐकतो आणि लाइन कापली जाते). राहिलेल्या एकाने नुसता अंगठा पाठवला होता. सगळ्यांत प्रामाणिक अभिप्राय तोच, असं आज मला वाटतं.

सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी सकाळी महादेवी नावाच्या बाई मंडळाच्या कचेरीत आल्या. कागलच्याही पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीजवळ त्यांचं गाव. त्यांचे पती भीमाप्पा यांनी ‘कालकुपी नऊ’ चौदा वेळा पाहिलेला असल्याने त्यांना पुस्तक वाचण्याची गरज नव्हती. महादेवींनी तो एकदाही पाहिलेला नव्हता. साहजिकच त्यांच्यापुढे पुस्तक वाचण्याखेरीज इलाज उरला नाही. आमच्या सगळ्या योजनेत ही एक त्रुटी राहून गेली होती.

“सेक्रेटरी कोन हाय?”

“मीच. बसा, आक्का.”

“बसाय न्हाय आलतो मी. त्या फोनवाल्या बाईचं फुडं काय झालं, त्येवडं सांगा.”

मी समजावून सांगितलं की यानात फोन नसून वायरलेस आहे.

“कसलं यान? कागलातली बाई हाय ती! जलमभर दुसऱ्याचं फोन जोडून दिलं तिनं. तिला कुनी एक फोन केला न्हाय. आन हापिस बंद हुयाच्या दिवशी तिच्याच नावानं फोन वाजाय लागलाय. तिनं उचलला का न्हाय, त्ये लिवलंच न्हाय फुडं. चार दिस झालं, भाकरी थापताना बी त्येच डोस्क्यात.”

वाचकांच्या शंकांसाठी मंडळाचा छापील अर्ज आहे. त्यात ‘खुनी’, ‘यान’ आणि ‘इतर’ असे तीन रकाने आहेत. यातल्या एकातही ही शंका बसेना. शेवटी मी महादेवींना गाडीवर बसवलं आणि मधुवंतीबाईंच्या दारात नेऊन उभं केलं.

महादेवींनी तोच प्रश्न विचारला. मधुवंतीबाई उठल्या. चहा ठेवते म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. स्टोव्ह किंवा शेगडी पेटल्याचा आवाजही आला नाही. शेवटी त्या चहाशिवायच बाहेर आल्या. डोळे लाल झाले होते.

“तुम्हाला काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

महादेवींनी थोडा विचार केला. “मी म्हंतो, लगेच उचलू ने तिनं. वाजू दे की जरा. तिच्यासाटीच वाजतंय न्हवं?”

अकरा वर्षांत ती कादंबरी वाचून कुणी दिलेलं ते पहिलं मत होतं. मधुवंतीबाईंनी ते माझ्यादेखत वहीत लिहून घेतलं.

हा गंभीर प्रकार मी मंडळाच्या सभेपुढे ठेवला. “आक्कांनी पिच्चर बघितला न्हाय, म्हनून त्यास्नी पुस्तक कळंना झालंय,” असा निर्वाळा अमरसिंहांनी दिला आणि महादेवींना सिनेमा मोफत दाखवण्याचा ठराव मंजूर झाला. पुस्तक उघडून एकदा आत बघावं, अशी सूचना मी मांडली. ती एकतीस विरुद्ध एक मतांनी फेटाळली गेली. घरी आल्यावर मी माझ्या प्रतीचं प्लास्टिक फाडलं आणि दोन दिवसांत ती वाचली. तिसऱ्या दिवशी मी कुणाशीच बोललो नाही. पेठेत याला आजारपण समजतात, त्यामुळे चौकशीला चार माणसं येऊन गेली.

वाचकहो, आमच्या मंडळाला हसण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तुम्ही वाचणारी माणसं. तुम्हाला मधुवंतीबाईंबद्दल वाईटही वाटलं असेल, आणि आपण असतो तर ती कादंबरी नक्की वाचली असती, असंही वाटून गेलं असेल. फक्त एक नोंद करतो आणि थांबतो. सिनेमाचं नाव या मजकुरात इतक्या वेळा आलंय की ते एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल. बाईंच्या स्वतःच्या कादंबरीचं नाव मी एकदाही लिहिलेलं नाही. कुणी विचारतंय का, ते मला पाहायचं होतं. तुम्ही इथवर आलात. विचारलं नाहीत.