शुक्रवारची टीम

आमच्या शेजारचा रामोन दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या रस्त्यावरच्या माणसांची फुटबॉल टीम निवडतो आणि यादी खिडकीच्या काचेला चिकटवतो. मॅच कधीच होत नाही. तरी सगळा रस्ता यादी बघायला धावतो. लेस्टरमध्ये असला दुसरा माणूस नसेल.

माणूस साधासुधा नाही. पॅराग्वेकडून खेळला, मग त्याच देशाचा कोच झाला. तिथे एका मंत्र्याच्या जावयाला त्याने टीममधून काढलं, मंत्र्याने याला काढलं. मग इथे पोरीकडे आला, पण खोड गेली नाही. "फॉर्म नाही, जागा नाही," हे त्याचं ठरलेलं. त्याचं इंग्लिश माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं जमतं. आमच्या पोस्टमनचा गुडघा धरला, तर पुढच्याच शुक्रवारी पोस्टमन बाद. बिचारा आठवडाभर तोंड पाडून पत्रं टाकत होता.

आमची कमल गोलकीपर. तिनेच दिलेली लोणच्याची बरणी रामोनच्या हातून निसटली आणि हिने ती अधांतरी झेलली. तेव्हापासून नंबर एक. मी मिलमध्ये तीस वर्षं उभ्याने काढलेला माणूस, पण मला त्याने बाकावर बसवलं. राखीव. कमल भाजी चिरता चिरता विचारायची, "काय हो, बसून बसून कंबर नाही ना धरली?"

मार्चमध्ये कमल गेली.

त्या शुक्रवारी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जो मंत्र्याला बधला नाही, तो मेलेल्या बाईचं नाव काय ठेवणार? खोडलेलं दिसलं तर काचच फोडायची, असं ठरवून चपला घातल्या आणि गेलो.

नंबर एक, कमल.

मी दार वाजवलं. तो बाहेर आला तसं म्हटलं, "अरे, ती गेली. आता गोल कोण अडवणार?"

त्याने काचेवर बोट ठेवलं आणि खाली नेलं. नंबर दहा, रोसा. हे नाव मी सहा वर्षं वाचतोय. मला वाटायचं, राहत असेल कोणीतरी रस्त्याच्या त्या टोकाला.

"माझी बायको," तो म्हणाला. "मी इथे यायच्या आधीच गेली. पण फॉर्म बघ तिचा."

आम्ही दोघं काचेसमोर उभे राहिलो. मग मी विचारलं, "आणि मी?"

त्याने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू बाकावरच," तो म्हणाला. "घाई नाही."