स्नो ब्लोअरला सव्वा माप तेल

इंजिन ऑइल बदलायला अक्कल लागत नाही, शिस्त लागते! आणि शिस्त माझ्याकडे भरपूर आहे. एम.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. दोन वर्षांत लॅबमध्ये माझ्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. त्यामुळे पुढे जे घडलं त्यात दोष कोणाचा, ते तुम्हीच ठरवा. माझं डोकं अजून तापलेलं आहे!

माझा सूर्यकांतमामा शारजात ट्रेडिंग करतो. म्हणजे खोर फक्कानच्या बंदरात बेवारस पडलेला माल लिलावात उचलतो आणि मग तो कोणाच्या गळ्यात मारावा याचा विचार करतो. या वेळी खोक्यातून स्नो ब्लोअर निघाला. रस्त्यावरचा बर्फ ओढून लांब फेकणारं, पेट्रोलवर चालणारं मशीन. शारजात! जून महिन्यात!

पण मामाने गिऱ्हाईकही शोधलं. फहद नावाच्या अमिराती गृहस्थांचा जॉर्जियात डोंगरावर बंगला आहे. 'चालवून दाखवा, आजच नेतो,' म्हणाले.

"अंकुर, मशीन चाललं तर तू आपला टेक्निकल मॅनेजर," मामा म्हणाला. "नाही चाललं तर व्हिजिट व्हिसा संपला की पुणे. यल्ला, लाग कामाला!"

मी मॅन्युअल पाठ केलं. त्यातला तापमानाचा तक्ता चार अंशांवर संपतो. गोदामात पंचेचाळीस! मधल्या एक्केचाळीस अंशांत माणसाने काय करावं, हे कंपनीने लिहिलेलं नाही. पण 'इंजिन पाच मिनिटं चालवून गरम करा, मग जुनं तेल काढा' असं छापलं होतं, म्हणून मी इंजिन चालवलं.

"अरे, ते बंद असतानाच त्यावर आम्लेट होईल!" मामा ओरडला.

"मामा, पद्धत म्हणजे पद्धत!"

जुनं तेल काढलं. नवं मोठ्या ड्रममध्ये होतं, म्हणून मामीकडून एक स्वच्छ बाटली मागून तिच्यात लिटरभर काढून आणलं. सोनेरी, नितळ. आता सहाशे मिली मोजून ओतायचं, खलास!

तेवढ्यात मामा म्हणाला, "थांब. आधी पूजा."

"स्नो ब्लोअरची?"

"मशीन आहे ना? मग! आणि ते नवं तेलही इकडे ठेव, त्यालाही कुंकू लागू दे."

माझ्या हातातली बाटली काढून त्याने पाटावर ठेवली. मामीने गणपतीची तसबीर मांडली, मशीनला हार घातला, नारळ आणि आपली तेलाची बाटली पाटावर ठेवली आणि समई भरली. समई काही केल्या पेटेना. पेटली तर चरचरायची आणि मारुतीच्या शेपटीसारखा काळा धूर सोडायची.

"वात ओली आहे वाटतं," मामी म्हणाली.

"हवेतली आर्द्रता," मी शास्त्रीय खुलासा केला.

मग मी लॅबच्या सवयीने मास्क लावला, पाटावरची बाटली घेतली, सहाशे मिली मोजून इंजिनात ओतलं. मास्क काढतो तोच मामाने उरलेल्यातलं आणखी दीडशे ओतलं!

"मामा! जास्त झालं!"

"सव्वा माप असावं. शुभ असतं."

"इंजिनाला शुभ कळत नाही!"

"तुला तरी कुठे कळतं?"

मी हंबरडा फोडणार एवढ्यात फहद दारात. जास्तीचं तेल काढायला वेळच उरला नाही. ड्रायव्हर दत्ताराम डेमोसाठी चार पोती बर्फ घेऊन आला. फिश मार्केटमधून! मासे ठेवलेला बर्फ त्याला फुकट मिळाला होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की बर्फ वितळायला हवा होता.

दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू! बर्फाचा फवारा थेट पलीकडच्या भिंतीवर! फहद टाळ्या वाजवू लागले. मी मनातल्या मनात टेक्निकल मॅनेजरची व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली.

आणि धूर सुरू झाला. पांढराशुभ्र, ढगासारखा. त्याबरोबर वास आला. फहदनी नाक वर करून हुंगलं.

"हबीबी," ते मामाला म्हणाले, "ये मशीन है या रेस्टॉरंट? फिश फ्राय का स्मेल आ रहा है!"

खरंच! गोदामभर तळलेल्या सुरमईचा घमघमाट! इंजिन दोनदा उचकी देऊन बंद पडलं. मी समईकडे पाहिलं. गणपतीच्या तसबिरीवर काजळी. इंजिनाकडे पाहिलं. आणि डोक्यात तिडीक गेली.

"मामी! समईत इंजिन ऑइल घातलंस तू! आणि इंजिनात गोडेतेल गेलं!"

"मी काय केलं? पाटावर दोन बाटल्या होत्या, एक उचलली!"

"बाटली उचलताना वाचायचं असतं! लेबल कशाला असतं? लॅबमध्ये आम्ही लेबलाशिवाय पाण्याला हात लावत नाही!"

"बरं," मामी शांतपणे म्हणाली. तिने दोन्ही बाटल्या माझ्यासमोर धरल्या. "दाखव तुझं लेबल."

एका बाटलीवर काही नव्हतं. दुसरीवरही काही नव्हतं.

"मामीची बाटली घरातली," मामा म्हणाला. "तुझ्या बाटलीवर लेबल कोणी लावायचं रे?"

मी हवेतल्या आर्द्रतेबद्दल काहीतरी बोलू लागलो, पण कोणी ऐकलं नाही.

फहद 'मशीन नंतर, इन्शाल्ला' म्हणाले. म्हणजे कधीच नाही. मग मामीने आग्रह केला आणि ते आमच्याकडे सुरमई खाऊन गेले.

मामाने मला पुण्याला पाठवलं नाही. कामावर ठेवलं. गोदामात बाराशे खोकी आहेत. मी त्यांना लेबलं लावतो.