सोपान मिस्त्रींचं झाकण

शहापुरात कुणाच्याही घरी गेलात तर 'या, बसा' म्हणतात. आमचे शेजारी सोपान मिस्त्री 'या, आडवे व्हा' म्हणतात.

आणि ते नुसतं म्हणून थांबत नाहीत. त्यांच्या ओटीवर भंगारवाल्याकडून आणलेली दवाखान्यातली लोखंडी खाट आहे, डोक्याकडची बाजू हँडल फिरवून वर होणारी. पाहुण्याची पाठ खाटेला लागते न लागते, तोच मिस्त्री त्याच्या कमरेखाली प्लॅस्टिकचं एक पसरट भांडं सरकवतात. पेशंटला अंथरुणातच देतात ना, ते. भांडं कोरं करकरीत असतं आणि पाहुण्याच्या अंगावर कपडे असतात, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा भलताच समज व्हायचा. मग मिस्त्री उशाशी स्टूल ओढून बसतात, कानावरची पेन्सिल काढतात आणि विचारतात, "कुठं टोचतंय? खरं सांगा. लाजायचं नाय."

लाइटचं मीटर बघणारा, विम्याचा एजंट, गणपतीची वर्गणी मागायला आलेली मंडळी, सगळे त्या खाटेवर आडवे झालेत. एकदा सत्यनारायणाला आलेले भटजी 'मी सोवळ्यात आहे' म्हणून सुटले. मिस्त्री अजून मला म्हणतात, "एक चांगलं माप हुकलं रे परकास."

सगळ्यात कहर झाला तो सुमनला बघायला मंडळी आली तेव्हा. सुमन ही मिस्त्रींची भाची. पोरगी लहानपणीच आईवेगळी झाली, तिला मिस्त्रींनीच वाढवलं. स्वतः लग्नच केलं नाही. तर मुलाकडचे आले, कांदेपोहे झाले, आणि मिस्त्रींची नजर मुलाच्या मामावर खिळली. मामा चांगलाच वजनदार गडी. एवढं वजन आयतं घरात चालून आलेलं.

"मामा, जरा आडवे होता का?"

मामाला वाटलं, इकडची रीत असेल. झाले आडवे. सुमनने कपाळावर हात मारला. मिस्त्रींनी भांडं सरकवलं, चारी बाजूंनी वाकून बघितलं, टिचकी मारून बघितलं. भांडं हूं की चूं करेना. मामा मात्र घोरायला लागले. अर्ध्या तासाने उठले आणि मुलाच्या बापाला म्हणाले, "सोयरीक पक्की करा. या घरात पाठीला एवढं सुख मिळतंय." लग्न जमलं. सुमन नाशकाला सासरी गेली. भांड्यावर मिस्त्रींनी पेन्सिलीने लिहून ठेवलं, 'मामा पास.'

आता मिस्त्री कोण आणि मी कोण ते सांगतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणारा एक कारखाना आहे. मिस्त्री तिथे साचे बनवतात आणि मी तयार माल तपासतो. रोज माझ्या मोटारसायकलवरून आम्ही दोघं किन्हवलीमार्गे जातो-येतो. मी कमी बोलतो. मिस्त्री मागे बसून दोघांच्या वाटचं बोलतात. ही हकीकत सांगायला मला बरीच वर्षं लागली, कारण तिच्यात हसण्यासारखं जे काही आहे ते मिस्त्रींचं आहे. लाजण्यासारखं आहे ते माझं.

मिस्त्रींनी आयुष्यभर बादल्या, पाण्याचे मग आणि साबणाच्या डब्यांचे साचे केले. मग शेठना दवाखान्यांची ऑर्डर मिळाली. एकदा वापरून फेकून द्यायची भांडी, म्हणजे याचा आजार त्याला लागायला नको. शेठनी बाजारातलं एक भांडं मिस्त्रींसमोर ठेवलं. "सेम असंच बनवा."

मिस्त्री ते घरी घेऊन आले आणि अख्खा रविवार त्याच्यावर पडून राहिले. सोमवारी शेठच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "शेठ, हे भांडं उभ्या माणसानं बनवलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे बनवणारा एकदाबी आडवा झालेला नाय. माकडहाडाला कसं लागतंय बघा. व्हा आडवे."

शेठ काही आडवे झाले नाहीत. "मिस्त्री, ही फेकायची वस्तू आहे," एवढंच म्हणाले.

"भांडं फेकायचंय. वरचा माणूस फेकायचाय काय?"

तेव्हापासून कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत रोज कुणीतरी आडवं व्हायला लागलं. पॅकिंगच्या गोदावहिनी डबा उघडता उघडता ओरडायच्या, "मिस्त्री, आज कुणाचा बळी?" बहुतेक वेळा तो मीच असायचो. मिस्त्री काठ रुंद करायचे, पुढचा उतार बदलायचे, कड बोटाने चाचपून पुन्हा घासायचे. एकदा तर भांड्यात पाणी पडल्याचा आवाज किती होतो ते बघायला त्यांनी मला शेजारच्या टेबलावर डोळे मिटून निजवलं आणि स्वतः उंचावरून तांब्याची धार धरली.

"आलं ऐकू?"

"आलं."

"मग बाद. शेजारच्या खाटेला कळता नये."

मग त्यांनी तळाला उतरती घडी घातली. धार घडीवरून ओघळायला लागली, आवाज गेला. गोदावहिनी म्हणाल्या, "आमच्या नळालाबी बसवा ही घडी."

रिजेक्ट झालेली भांडी खरं तर दळून पुन्हा वापरायची. पण त्यातली काही डोळखांबकडच्या कामगारांसोबत त्यांच्या पाड्यांवर जायची. तिकडे कुणाला ती कशासाठी बनवलीत याचं सोयरसुतक नव्हतं. कुणी त्यात मिरचीची रोपं लावली, कुणी कोंबडीच्या पिल्लांना पाणी ठेवलं. मिस्त्रींना हे कळल्यावर ते रागावतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "रविवारी गाडी काढ. लोक भांडं कसं धरतात ते बघून येऊ."

गेलो. एका पाड्यावर एक बाई मोहाची फुलं वेचून, भांडं कमरेवर टेकवून, एका हाताने धरून झपाझप येत होती. मिस्त्री जागच्या जागी थांबले.

"गो बाय, परत एकदा तिथून चालत ये."

बाई हसली आणि चालली. "अजून एकदा." बाई पुन्हा चालली. तिसऱ्या खेपेला झोपडीतून नवरा बाहेर आला, हातात कोयता. तो बिचारा कूड बांधत होता, पण कोयता तो कोयताच.

"काय रे म्हाताऱ्या, माझ्या बायकोला का चालवतोस?"

"तुझ्या बायकोला नाय रे बाबा, भांड्याला चालवतोय!"

मिस्त्रींनी त्याला सगळं समजावून सांगितलं. भांडं खरं कशाचं आहे तेही सांगितलं. नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं आणि असे हसत सुटले, की फुलं सांडली. आम्हाला चहा मिळाला. दवाखान्यातली मावशीही भांडं असंच कमरेला लावून नेते, हे मिस्त्रींच्या ध्यानात आलं. पुढच्या नमुन्याला एका अंगाने कमरेच्या बाकाची खोलगट कड आली.

राहिलं झाकण.

मिस्त्रींच्या झाकणाला एक पट्टी होती. भांडं पेशंटच्या खालून सरकवून बाहेर काढताना पेशंटनेच ती दोन बोटांनी ओढायची. झाकण टक्कन बसायचं. चादरीबाहेर यायचं ते बंद भांडं. शेठना हे बिलकूल पटेना. झाकण म्हणजे साच्यात जादा काम, मशीनला जादा टाइम. "वर कागद टाकतात की," ते म्हणाले. मिस्त्रींनी तरी हाताने कापून पाच-सहा झाकणं बनवली आणि पिशवीत घालून फिरायला लागले.

त्याच दिवसांत माझे वडील भाताच्या खळ्यात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. कल्याणच्या एका दवाखान्यात ठेवलं, ऑपरेशनला अवकाश होता. दिवसा मी त्यांच्याजवळ असायचो.

पहिल्याच सकाळी बाबा हळूच म्हणाले, "परकास, भांडं."

मी दिवसाला शेकड्याने भांडी तपासणारा माणूस. प्रत्येकाच्या कडेवरून बोट फिरवणारा. मी म्हणालो, "मावशींना बोलावतो," आणि खाली चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. सगळं उरकलं असेल अशा बेताने वर आलो. दुपारी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. बापाचं उघडं अंग मला बघवत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर मला किळस येत होती. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

बाबांनी मग भांडं मागणंच सोडलं. मागावं लागू नये म्हणून जेवण अर्ध्यावर आणलं आणि पाणी जवळजवळ बंद केलं. ओठ सुकले, लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी मला विचारलं, "पाणी पितात ना?" उशाशी भरलेला तांब्या मला दिसत होता. मी म्हणालो, "पितात की."

त्या संध्याकाळी मिस्त्री भेटायला आले. त्यांनी बाबांचे ओठ बघितले, तांब्या बघितला, मग माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणाले, "परकास, जा, चहा पिऊन ये. घाई करू नको."

मी दोन चहा पिऊन वर आलो, तर वॉर्डात हशा चाललेला. शेजारच्या रिकाम्या खाटेवर मिस्त्री स्वतः आडवे, कमरेखाली भांडं. इकडे बाबा, त्यांच्या हातात दुसरं. झाकण कोण आधी लावतो याची दोघा म्हाताऱ्यांत शर्यत लागलेली. सिस्टर दारात उभी राहून "काका, उठा आधी तिथून" म्हणत होती आणि तिलाच हसू आवरत नव्हतं.

"टक्!" बाबा ओरडले. "मिस्त्री, हरलास!"

बाबांचं काम मिस्त्रींनीच उरकलं होतं. भांडं सरकवलं मिस्त्रींनी, पट्टी ओढली बाबांनी. मावशीने नेलं ते बंद भांडं. मला बघून बाबा म्हणाले, "तांब्या दे रे इकडं." आणि निम्मा तांब्या एका दमात प्यायले.

बाबा बरे झाले. अजून काठी टेकत शेतावर जातात आणि मजुरांवर डाफरतात.

मग शेठच्या केबिनमध्ये शेवटची मीटिंग झाली. झाकण ठेवायचं की काढायचं. शेठ म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही म्हणता पेशंटला झाकण पाहिजे. कुठल्या पेशंटने सांगितलं? एक नाव सांगा."

मी तिथेच उभा होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वर पंख्याकडे बघत म्हणाले, "हाय एक जण."

"नाव?"

"नाय सांगता यायचं."

"मग झाकण बाद," शेठ म्हणाले. मी गप्प राहिलो.

परतीच्या वाटेवर मिस्त्री पहिल्यांदाच मागे मुकाट बसले होते. किन्हवलीला चहाला थांबलो तेव्हा मीच विचारलं, "बाबांचं नाव का नाय सांगितलंत?"

"तुझ्या बाचं सांगितलं असतं, तर तू कुठं व्हतास तेबी सांगावं लागलं असतं."

मी कप खाली ठेवून म्हणालो, "एका झाकणासाठी एवढं का जीव टाकता मिस्त्री?"

त्यांनी बशी पुसली, कपावर उपडी ठेवली.

"तुझ्या बाला तू हायस. पळालास, तरी दोन चहा पिऊन परत आलास. सुमन गेली सासरी. मी आडवा होईन तवा भांडं वढायला कोण येईल, कुणाला ठाव? कुणीतरी परकाच. निदान झाकण तरी माझं मला लावता आलं पायजे."

आणि लगेच टपरीवाल्याकडे वळून म्हणाले, "काय रे, तुझी कंबर दुखते म्हणालास ना? ये एकदा आमच्याकडं. आडवा हो."

सोमवारी सकाळी मी एकटाच शेठच्या केबिनमध्ये गेलो. तो एक जण कोण ते सांगितलं. टपरी सांगितली, तांब्या सांगितला, डॉक्टरांना मारलेली थाप सांगितली. एवढं सलग मी कधीच बोललो नव्हतो. शेवटी शेठ म्हणाले, "ते झाकणवालं ठेवून जा. दार लावून घे."

मी बाहेर येऊन मशीनपाशी उभा राहिलो. थोड्या वेळाने केबिनमधून सोफा करकरल्याचा आवाज आला. मग, टक्. सगळे थांबले. पुन्हा, टक्. मग लागोपाठ तीनदा, टक्, टक्, टक्.

"अगो बाय," गोदावहिनी म्हणाल्या, "शेठ आडवा झाला!"

पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. मिस्त्री कानावरची पेन्सिल शोधत होते, आणि ती त्यांच्या हातातच होती. झाकण पास झालं. मी शेठना काय सांगितलं ते मिस्त्रींनी मला कधी विचारलं नाही.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. खाटेवर नवा नमुना मांडलेला.

"ये परकास, आडवा हो."

"आज तुमी व्हा," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि झाले आडवे. मी एक हात त्यांच्या कमरेखाली घातला, जरासं अंग उचलायला सांगितलं आणि भांडं सरकवलं. अंग अगदी हलकं लागलं. त्यांना गुदगुल्या झाल्या, हसले. मग शांत पडून छपराच्या कौलांकडे बघत राहिले. मी भांडं हळूच ओढायला घेतलं. पट्टी त्यांच्या दोन बोटांत होती. ओढेनात.

"मिस्त्री, झाकण लावा की."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तू हायस ना."

मग त्यांनी पट्टी सोडली आणि उशाशी हात लांबवला. "तो तांब्या दे रे इकडं. लय तहान लागली."