यंदा काय फसलं?

आमच्या शेजारच्या सुमनबाई कुणाला "बरं हाय का?" असं विचारत नाहीत. त्या विचारतात, "यंदा काय फसलं?" नव्या सुनेला विचारतात, ग्रामसेवकाला विचारतात, लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या पाहुण्यालासुद्धा. पाहुणा चपापतो. आम्हाला सवय आहे.

बाई हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळलेत, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणतात.

एकदा पेपरात बातमी होती : नवं शोधून काढण्यात आपला देश जगात कितवा. मी मोठ्या कौतुकानं वाचून दाखवली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कुणी मोजलं? आपल्याकडं तर कुणी आलं न्हाय."

"बाई, ते पेटंट मोजतात. संशोधनावरचा खर्च मोजतात."

"मोजू दे की. पण संपत, करून बघितलं किती जणांनी, आन् त्यातलं बिघडलं किती, ते कोण मोजणार? ज्या गावात काहीच फसत न्हाय, तितं कुणी काही करतच न्हाय. आपलं आपुन मोजू."

आणि खरंच, त्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर बाईंच्या अंगणात फसलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. मी माझं पाखरं हाकलायचं यंत्र नेलं. स्कूटरचा हॉर्न, थोड्या थोड्या वेळानं आपोआप वाजणारा. पेरूच्या बागेत लावला, तर दोन दिवसांत पाखरं त्याच्यावरच बसायला लागली.

भिगवणला रस्त्यावर खानावळ चालवणारे दगडूतात्या टेम्पोत जुनं वॉशिंग मशीन घालून आले. त्यात त्यांनी मासे साफ करायचा प्रयोग केला होता.

"खवलं निघाली का?" बाईंनी विचारलं.

"निघाली की. माशासकट."

सगळं अंगण हसलं. तात्या खाली बघायला लागले, तर बाईंनी उठून टाळ्या वाजवल्या. मग आम्हा दोघांना एका सतरंजीवर बसवलं.

"तात्या, तुमची मोटार थांबतच न्हाय, म्हणून मासा फुटतो. ह्या संपतकडं थांबून थांबून चालवायची युक्ती हाय. तिचा पाखरांना उपयोग न्हाय, माशांना व्हईल. जुळवा."

जुळवलं. पाच-सहा वेळा बिघडलं, मग जमलं. आता तात्यांचे मासे शाबूत निघतात. शेपटीजवळ थोडी खवलं राहतात, पण तात्या छाती फुगवून ती दाखवतात, "ह्ये अजून फसलेलं हाय बरं का!"

सगळं गाव बाईंना फसलेलं सांगतं. सांगत नव्हता तो एकटा महेश, त्यांचा मुलगा. परदेशात यंत्रमानव बनवणाऱ्या कंपनीत आहे. रविवारी त्याचा फोन येतो. बाई विचारतात, तो म्हणतो, "काही नाही आई, सगळं छान." मग बाई बराच वेळ फोन हातात धरून बसतात.

एकदा मला म्हणाल्या, "ल्हानपणापास्नं पयला नंबर. गावानं मिरवणूक काढली त्याची. मीच पुढं हुते. त्याला पडायला जागाच ठेवली न्हाय आमी."

मागच्या महिन्यात मी पेरू द्यायला गेलो होतो. दुपार होती, रविवार नव्हता, तरी महेशचा फोन आला. बाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याचा आवाज मलाही आला.

"आई, माझं यंत्र बंद केलं कंपनीनं. इतकी वर्षं घालवली, पण ते चाललंच नाही गं."

मला वाटलं, बाई आता हरखतील, भाषण देतील. त्यांनी हळूच विचारलं, "जेवलास का?" मग त्या पायरीकडं सरकल्या.

"थांब, मी बसते हितं. घाई न्हाय मला. पयल्यापास्नं सांग."

मी पेरूची पाटी ठेवून निघालो. फाटकातून मागं वळून बघितलं. बाई पायरीवर बसल्या होत्या, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरलेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याला दिसत नसूनही त्या सारख्या मान हलवत होत्या.