सांगलीवरनं आलेलं पावणं

कोळेकर सर पुस्तकाला पंख्याखाली बसवायचं. थट्टा न्हाई करत. सांगलीवरनं यष्टीनं पुस्तक आलं की आदी पिशवीतनं काढायचं, टेबलावर उबं करायचं, पंखा लावायचा आन् म्हणायचं, "बसा जरा. लांबनं आलायसा." मी तितं फरशी पुसत हुते. पयल्यांदा मला वाटलं, कुणी थोर माणूस आलं. पदर सारका करून मागं वळून बघतीया, तर निस्तं पुस्तक.

मी हिराबाई सपकाळ. साताऱ्यात एका कालेजाच्या लायब्रीत झाडलोट करत हुते. ती लायब्री कोळेकर सरांच्या ताब्यात. म्हायेर मेढ्याच्या वरल्या अंगाला, डोंगरात. शाळा दुसरी पातुर, त्यात बी निम्मी गुरांमागं गेली. मालक उसाच्या ट्रकावर हुतं. फलटणच्या रस्त्याला ट्रक पलटी झाला, ते गेलं. दोन लेकरं घिऊन मी कोयनानगरच्या वसाहतीत भांडी घासली. तितं येकदा जमीन हालली, खोलीची भित पडली. आमच्या अंगावर न्हाई पडली, भांड्यांवर पडली. मंग उसात कोयता धरला. ते बी दिस गेलं. सांगायचं ह्येच की मी लय तऱ्हेची माणसं बघितल्यात, पर पुस्तकाला वारा घालणारं ह्येच येक.

आता तुमी म्हणाल, साताऱ्याच्या लायब्रीत सांगलीचं पुस्तक कशाला? तर त्याची रीत आसती. एखाद्या पोराला पुस्तक पायजे आसतंय, आन् आपल्यात ते नसतंय. पोरगं मान खाली घालून चालू लागायचं. सर आतनं हाळी मारायचं, "आरं थांब गड्या! आपल्यात न्हाई म्हंजी काय जगात न्हाई व्हय?" मंग त्याच्याकडनं कागुद भरून घ्यायचं. कंप्युटरात बघायचं, कुटल्या गावच्या लायब्रीत हाय. तिकडं शिक्का मारून पत्र धाडायचं. तिकडनं पुस्तक यायचं ते तीन आठवड्याच्या बोलीवर. घरी न्यायचं न्हाई, हितंच बसून वाचायचं, आन् तारखंला माघारी. शेजारणीकडनं विरजण आणावं तसंच. फकस्त विरजण कुणी माघारी मागत न्हाई, आन् पुस्तक मागत्यात.

दुसऱ्या कालेजातली माणसं पुस्तकं कुरिअरनं मागवायची. सरांचं तसं न्हाई. "कुरिअरवाला फेकतू," म्हणायचं. स्वता सांगलीला जायाचं, स्वता आणायचं, स्वता पोचवायचं. यष्टीत पिशवी वर फळीवर ठेवायची न्हाई, खाली पायात ठेवायची न्हाई. मांडीवर. कंडक्टर वळकीचा झालेला. त्यो म्हणायचा, "सर, लेकराचं तिकीट काढलं का?" सर म्हणायचं, "मांडीवरल्याला तिकीट नसतंय. तुमचाच नियम हाय."

सर माण तालुक्यातलं, धनगराघरचं. बाप मेंढरं घिऊन घाटाखाली जायाचा, त्याच्या मागनं चालत ह्यांची शाळा झाली. पुस्तकात शिरलं तरी मेंढरं काय डोक्यातनं गेली न्हाईत. सांच्याला कपाट लावताना पुस्तकं जोडी-जोडीनं मोजायचं, वाड्यात मेंढरं घालताना मोजत्यात तशी. एखाद्या पोरानं बोट जिभंला लावून पान उलाटलं की सर टेबलावरनं वरडायचं, "आरं, दुसऱ्याच्या मेंढराला थुकतुयास व्हय रं?" पोरगं येडं व्हायचं. त्याला मेंढरू कुटं दिसायचंच न्हाई.

आमच्या लायब्रीच्या पुस्तकाला पाठीवर तांबडी चिठ्ठी. सांगलीचं पुस्तक आलं की सर त्याला काय बी लावायचं न्हाईत. क्लार्क म्हणायचा, "सर, निदान पेन्सिलीनं तरी खूण करा." सर म्हणायचं, "परक्याच्या मेंढराच्या कानाला आपली खूण घातली आस्ती तर माझ्या बानं मला झोडपला आस्ता." म्हणून पावण्या पुस्तकांचं कपाट येगळं, त्याची किल्ली सरांच्या कंबरंला.

आन् माझी सगळी इद्या त्या तांबड्या चिठ्ठीत. मला वाचाय येत न्हाई. तांबडं हाय, ते मांडणीत. तांबडं न्हाई, ते रद्दीत. आठ वर्सं माझं ह्येच्यावर बिनचूक चाललं हुतं.

मंग तपासणीची कमिटी यायची ठरली. कालेजात धावपळ. भिती रंगवल्या, कुंड्या आणल्या, आन् सरांच्या त्या कपाटाला वाळवी लागली म्हणून ते बाहीर काढून औशीद मारलं. आतलं पावणं येकच हुतं. सरांनी ते खिडकीत ठेवलं, उजेडाला. मला सांगाय आलं तवर त्यांना मोठ्या सरांनी हाक मारली. मोठं सर म्हंजी प्रिन्सिपाल. सर गेलं. मी रद्दी बांधत हुते. खिडकीत बघितलं, निळ्या पुठ्ठ्याचं जुनं पुस्तक. पाट बघितली. तांबडं न्हाई. घातलं गठ्ठ्यात. दुपारी टेम्पो आला, रद्दी घिऊन गेला.

सांच्याला सर मोजाय बसलं. मोजायचं ते काय, येकच. खिडकीकडं बघितलं, टेबलाखाली बघितलं, मंग माझ्याकडं.

"हिराक्का, हितं पावणं हुतं."

"निळं?"

"निळं."

"त्याच्यावर तांबडं न्हवतं, सर."

सर खुर्चीत बसलं. मंग उठलं आन् पंखा बंद केला.

गोष्ट मोठ्या सरांच्या कानावर गेली. त्यांचं बोलणं मी दाराआडनं आयकलं. "ज्या बाईनं हे केलं तिचं नाव द्या. ठेकेदाराला सांगतो, उद्यापासून पाठवू नको." आमी तिगी बाया झाडाय. कोळेकर सर म्हणालं, "नाव परवा सांगतू सायेब. आदी पुस्तक हुडकू द्या."

म्हंजी माझ्याजवळ दोन रोज. ल्योक पाठीच्या दुखण्यानं आंथरुणात, सून त्याच्या उशाला, चूल माझ्या झाडूवर चाललेली. साठी उलाटलेल्या बाईला दुसरं काम कोण देतंय? मी रडले न्हाई. रडून झाडू कुणी हातात देत न्हाई.

सकाळच्या पारी सर आन् मी रद्दीच्या दुकानात. गठ्ठं सोडून सोडून हात काळं झालं. पुस्तक घावलं, पर पुठ्ठा न्हाई आन् फुडली पानं न्हाईत. दुकानदार म्हणाला, "ती सकाळीच कोपऱ्यावरच्या शेंगदाणंवाल्यानं न्हेली. पुड्या बांधाय."

सर पळालं. त्या वयाचं माणूस आसं पळताना मी बघितलं न्हवतं. शेंगदाणंवाल्याला म्हणालं, "आता येक बी पुडी इकू नगंस. सगळ्या पुड्या दे."

"सगळ्या? लगीन हाय का सर?"

"व्हय. दे."

मंग आमी दोघं फुटपाथवर बसलो. येकेक पुडी सोडायची, शेंगदाणं पदरात वतायचं, पान गुडघ्यावर सरळ करायचं. येणारी-जाणारी माणसं बघत्यात. सर पानावरचा आकडा वाचायचं, "पाच घावलं. सात घावलं." जवा बघावं तवा माझ्या पदरात शेंगदाणं वाढतच चाललेलं. शेवटाला चार पानं कमी पडली. ती कुणीतरी शेंगदाणं खाऊन कुटं टाकली आसतील.

"आता?" मी म्हणलं.

"आता कान दावाय जायाचं," सर म्हणालं. "तुमी बी चला. येकलं नगं वाटतंय."

यष्टीत त्यांनी मला कानाचं सांगितलं. धनगराच्या कळपात दुसऱ्याची बी मेंढरं आसत्यात, राखाय दिल्याली. एखादं लांडग्यानं न्हेलं तर तोंड लपवायचं न्हाई. त्याचा खुणंचा कान घिऊन धन्याच्या दारात जायाचं. धनी कान बघतू आन् समजतू, मेलं खरं, इकलं न्हाई. "बा म्हणायचा, मेंढरू गेलं तर दुसरं हुतंय. कान दावला न्हाई तर धनगर सपला." पुस्तक मांडीवर धुवट फडक्यात गुंडाळलेलं. त्या दिवशी कंडक्टरनं बी थट्टा केली न्हाई.

सांगलीच्या लायब्रीत मगदूम मॅडम म्हणून बाई हुत्या. सरांनी फडकं सोडलं. मॅडमनी पुस्तक बघितलं, सरांच्या तोंडाकडं बघितलं, आन् रजिस्टर काढलं.

"वाचकाचं नाव…" त्यांनी बोट फिरवलं. "हिराबाई सपकाळ."

मी म्हणलं, "मीच ती. पर मी झाडाय हाय."

मॅडम उठून उब्या ऱ्हायल्या. "तुम्ही हिराबाई? अहो, मला तुम्हाला कधीची भेटायची इच्छा होती! साताऱ्याहून तुमच्याएवढं कुणीच मागवत नाही. एकेचाळीस पुस्तकं! मी आमच्या पोरींना सांगते, बघा, त्या बाईंसारखं वाचा."

सर भिताडाकडं बघत्यात. मॅडमनी लय मायेनं इचारलं, "याच्या आधीचं कसं वाटलं?"

"बरं आसंल की," मी म्हणलं. "कुणी वाचलं त्यास्नी इचारा."

मॅडम खाली बसल्या. म्हणाल्या, "सर, हे काय आहे? पुस्तक ह्यांच्या नावावर आहे. नियमानं मला तुमच्या प्राचार्यांना कळवावं लागेल, ह्यांच्याकडून पुस्तक गेलं म्हणून."

दाराआडनं आयकल्यालं समदं पुन्ना कानात आलं. तितं फकस्त झाडणारी म्हणून जाणार हुते, हितं कागदावर बी घावले.

तवा सर बोललं. खाली मान घालून, पर आवाज नेटाचा. "मॅडम, त्यांना वाचाय येत न्हाई. कागुद मी भरला. आलीकडं पोरं येत न्हाईत, मोबाइलात बघत्यात. मागणी सपली की सायेब म्हणणार, ही देवघेव बंद करा. मला ते सोसवंना. महिन्याच्या हजेरीची सई घेताना मी आणिक येक कागुद त्यांच्या फुडं सरकवायचं. पुस्तकं म्या वाचली. घरी न्याय परवानगी न्हाई, म्हणून सुट्टी झाल्यावर तितंच बसून वाचली. आन् ह्ये रद्दीत गेलं ते बी माझ्यामुळं. ह्या बाईला खुणंबिगार पुस्तक वळखाय येत न्हाई, हे मला ठावं हुतं. तरी म्या खूण घातली न्हाई. पत्रात माझं नाव लिवा."

मी म्हणलं, "आगाई! म्हणून व्हय महिन्याला दोन-दोन हजेऱ्या!"

मॅडमना हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पर आलं. मंग चष्मा काढून म्हणाल्या, "सर, अहो स्वतःच्या नावानं मागवायचं की. तुम्ही वाचक नाही का?"

"मी कामाला हाय तितं," सर म्हणालं.

मॅडमनी कंप्युटरात बघितलं. बराच येळ बघितलं. "दुसरी प्रत फलटणच्या वाचनालयात आहे. मी ती मागवते. चार पानांची झेरॉक्स काढू, ह्यात शिवू, नवीन पुठ्ठा घालू. पुस्तक हरवलं नाही, दुरुस्तीला आलं. पत्र तसं देते." मंग सरांच्या फुडं कोरा कागुद सरकवला. "आणि हे फलटणचं मागणीपत्र. वाचकाच्या नावात तुमचं नाव. माझ्यासमोर लिहा."

सरांनी लिवलं. येकेक आक्षर नीट काढलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मोठ्या सरांना सांगितलं, चूक माझी. त्यांना लेखी ताकीद मिळाली. माझा झाडू माझ्या हातात ऱ्हायला. पर ते दुसऱ्या दिवसाचं झालं. त्या दिवशी आमी माघारी यष्टीत बसलो. सरांच्या मांडीवर काय न्हवतं. हात कुटं ठेवायचं ते त्यांना समजत न्हवतं.

मी इचारलं, "सर, येक सांगा. माझंच नाव का घातलं?"

"दुसरं कुणाचं घालू? लायब्रीत रोज न चुकता येणारं तुमच्याबिगार हाय कोण?"

खरंच हुतं. घरी त्यांचं कुणी न्हवतं. बायको जाऊन लय वर्सं झाली, मूलबाळ न्हाई. सुट्टी झाली की मी केर भरून निघायची तवा सर टेबलाशी बसल्यालं आसायचं. मला वाटायचं, मोजत बसत्यात.

पेठ नाका आला तवा मी म्हणलं, "आवं सर, येकेचाळीस म्हंजी लय झाली की. मी येवडं वाचलं, मंग त्यात हाय तरी काय, ते मला ठावं नगं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला, परत काढला.

"पयल्यापास्नं सांगू?"

"सांगा की. सातारा लांब हाय."

त्यांनी सुरू केलं. आदी हळू, मंग हात हालवून. फुडल्या बाकावरची बाई बी मान वळवून आयकाय लागली. कराडच्या स्टँडवर यष्टी धा मिंटं थांबती, समदी माणसं च्याला उतरली. सर उतरलं न्हाईत. त्यांचं दुसरं पुस्तक चालू झालं हुतं.