महाराजांचा दगड आणि गोदाक्काची गुहा

एका जंगलात, बाळांनो, गोदाक्का नावाची अस्वलीण राहायची. गुहा लहान होती, पण कोरडी होती. तिथे ती आणि तिचं पिल्लू बाबू सुखाने घोरत पडायची.

एके दिवशी खुद्द रणधीर महाराज सिंह दारात आले. मागून दोन रानरेडे एक दगड ओढत होते. दगड अंधारात हिरवट चमकायचा.

"अक्का, तुझ्या घरात उजेड नाही असं कळलं. हा ठेव. आमच्याकडून भेट."

राजाची भेट. नको कसं म्हणणार? गोदाक्काने दगड कोपऱ्यात ठेवून घेतला आणि महाराजांपुढे मधाचं पोळं ठेवलं.

थोड्याच दिवसांत गुहेत उग्र वास सुटला. नाकाला झोंबायचा. बाबू खोकून खोकून हैराण झाला. गोदाक्काने गुहा झाडली, पालापाचोळा बदलला, बाबूला नदीवर नेऊन खसाखसा घासला. वास जाईना.

शेवटी तिने दरबार गाठला. महाराजांनी घुबडपंतांना तपासाला धाडलं. पंत शिकलेले होते आणि खरोखरच हुशार होते. गुहेत डोकावले, सणसणीत शिंकले आणि दरबारात येऊन सांगू लागले.

"हवेत ऑक्सिजन असतो. त्याचे अणू जोडीजोडीने राहतात. दगडातून किरण सुटतात आणि वाटेतल्या जोडीला धडकतात. धडकेसरशी जोडीतला एखादा इलेक्ट्रॉन उडून जातो. उरतो तो आयन. मग कित्येक जोड्या फुटतात. फुटलेला एकटा अणू दुसऱ्याच जोडीत घुसतो. तिघांचा होतो ओझोन. त्याचाच हा वास."

"म्हणजे दगडामुळेच ना?" गोदाक्का म्हणाली.

पंतांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज पंतांकडेच पाहत होते.

"म्हणजे... जोड्यांमुळे," पंत म्हणाले. "हल्ली कुणाला धरून राहायलाच नको."

दरबाराने माना डोलावल्या.

"दगड बाहेर काढला तर?"

"आमची भेट? बाहेर?" महाराजांचा आवाज इतका दुखावलेला होता की गोदाक्कालाच ओशाळल्यासारखं झालं.

उपाय ठरला. गुहेत एक पोपट नेमला. त्याने दिवसभर ओरडायचं, "जोडीने राहा! हात सोडू नका!"

अणूंनी काही ऐकलं नाही. पोपटाचा घसा मात्र बसला.

मग बाबूच्या अंगावरचे केस झडू लागले. गोदाक्काने त्याला पाठीवर घेतलं आणि कुणालाही न विचारता डोंगरापलीकडे निघून गेली. आता ती मोहाच्या झाडाखाली उघड्यावर राहते. थंडी वाजते, पण बाबूचा खोकला थांबलाय. पोपटही मागोमाग गेला. तो हल्ली फक्त कुजबुजतो.

काही दिवसांनी महाराज पाहणीला आले. नाकावर पंजा धरून त्यांनी दारातूनच हाक मारली, "काही तक्रार?"

आतून कुणी काही बोललं नाही.

"पाहिलंत पंत? उपाय लागू पडला. हरणांकडेही एक दगड पाठवा."

तात्पर्य: राजाची भेट कधीच वाईट नसते, आपली श्वास घ्यायची सवय वाईट.